हातावरची चांदणी

झाशीच्या आसपासच्या खेड्यांत म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर, मनगटावर हिरवट ठिपके दिसतात. हा बुंदेलखंडातला गुदना. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहिलेल्या मराठी घरांच्या भाषेत, गोंदण. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी समजूत. समजूतच ती, पण जिच्या अंगावर सोने नव्हते, तिचा हा दागिना कोणी गहाण तरी टाकू शकत नव्हते!

आता तरुण मुले-मुली यंत्राने टॅटू काढून घेतात, त्यात तारा फार आवडीचा. उजळ-गडद पाकळ्यांचा, होकायंत्रासारखा तारा पाश्चात्त्य खलाशांचा. घरची वाट सापडावी म्हणून. एकटा तारा पाहिला की आपल्याला मात्र ध्रुव आठवतो, लग्नात वधूवरांना दाखवतात तो, अढळ.

गोंदणही तसेच अढळ, म्हणून जागा विचारपूर्वक निवडा. झाशी छावणीचे शहर, सैन्यभरतीची स्वप्ने पाहणारी मुले बरीच. सैन्यात कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे असेल तरच चालते. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासींना सवलत आहे. मानेवरचा हौसेचा तारा उमेदवाराला बाद करू शकतो. लेसरने पुसायला अनेक खेपा लागतात, तरी डाग राहू शकतो.

जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदतात, ते टाळाच. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही रक्तातूनही पसरतात. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावा, शाईही नव्या वाटीत. आणि घरात कोणी नियमित रक्तदान करत असेल, तर गोंदल्यावर त्याला वर्षभर थांबावे लागेल.