घराची घाई आणि रक्तदाब

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. हल्ली बांधण्याचे राहिले बाजूलाच, बांधलेले घर हाती लागणे हेच मोठे काम झाले आहे. आपल्यासारख्या गावातही शाळा-बाजार जवळ असलेला, लगेच राहायला जाता येईल असा फ्लॅट विकायला निघाला की आठवड्याच्या आत पाच-सहा गिऱ्हाइके उभी राहतात. हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे वाचक विचारतील. तो माझ्या दवाखान्यात आला, म्हणून!

एक गुरुजी माझे जुने रुग्ण. डोके जड आहे, झोप येत नाही, अशी तक्रार घेऊन आले. रक्तदाब १६८/१०२. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १६४/१००. गोळी चालू आहे ना, असे विचारल्यावर गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. दोन महिन्यांपासून बंद होती. “घराचं एकदा जमू द्या डॉक्टर, मग सुरू करतो.” दोन फ्लॅट हातचे गेले होते. एकदा टोकन द्यायला एक दिवस उशीर झाला, दुसऱ्या वेळी मालकाने ऐनवेळी किंमत वाढवली. तेव्हापासून एजंटचा फोन रात्री दहाला येई, “सर, उद्या सकाळी दुसरी पार्टी पैसे देतेय.” मग रात्रभर आकडेमोड.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे गोळी सोडल्याचे पहिले काही दिवस काहीच वाटत नाही. फसगत इथेच होते. काही गोळ्या तर अशा असतात, की एकदम थांबवल्या तर नाडी आणि रक्तदाब दोन्ही उसळतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नये. खर्चाची अडचण असेल तर तसे स्पष्ट सांगावे, स्वस्तातली जेनेरिक गोळी लिहून देता येते, सरकारी दवाखान्यात ती मोफतही मिळते. गुरुजींनी आणखी एक काटकसर योजली होती, आरोग्य विम्याचा हप्ता या वर्षी चुकवायचा! विमा खंडित झाला आणि नंतर नवा घेतला, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. रक्तदाबाच्या माणसाने हा जुगार खेळू नये. एवढे मात्र त्यांनी ऐकले.

आता तिसरा फ्लॅट. नुकताच रंग दिलेला, चकचकीत. गुरुजींच्या पत्नीला दम्याचा त्रास, तोही मीच पाहतो. म्हणून म्हटले, “टोकन द्यायच्या आधी न्हाणीघराच्या मागची भिंत बघा, कपाट सरकवून बघा.” ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा, खोकला, शिंका बळावतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. नवा रंग ओल झाकतो, घालवत नाही. भिंतीला तळहात लावून पाहावा. खालच्या अंगाला लोणा, पोपडे, कोपऱ्यात काळे ठिपके, कुबट वास या खुणा ओळखाव्यात. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला पावसाळ्यात छत गळते का, हे विचारावे, शेजारी सहसा खरे सांगतात. समोरासमोर खिडक्या असतील तर उत्तम. घरात म्हातारी माणसे असतील तर जिने मोजावेत, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा घराबाहेर पडणेच सोडून देतात.

कागदपत्रे हा माझा प्रांत नव्हे, ती वकिलाने पाहावीत. एक मात्र सांगतो, कारण त्याने पुष्कळांची झोप वाचेल. रेराखाली नोंद झालेल्या नव्या इमारतीत, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. २०१६ च्या कायद्याचे हे तेरावे कलम. जुन्या मालकाकडून घेताना हे कलम कामाला येत नाही, तिथे टोकनची लेखी पावती, आणि व्यवहार मोडला तर पैसे कधी परत, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. रात्री दहाच्या फोनवर ‘हो’ म्हणू नये. “सकाळी सांगतो” म्हणून झोपावे.

गुरुजींनी कपाट सरकवले. मागे हातभर रुंदीचा काळा डाग निघाला. त्यांनी टोकन दिले नाही, आणि दुसऱ्याच दिवशी तो फ्लॅट दुसऱ्या कोणीतरी घेतला. गुरुजी हळहळले, वहिनी हळहळल्या नाहीत.

परवा ते तपासणीला आले होते. गोळी चालू आहे, रक्तदाब १३८/८६. घर अजून मिळालेले नाही. मी पट्टा सोडत असतानाच त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी नाव पाहिले, माझ्याकडे पाहून हसले, आणि फोन तसाच वाजू दिला.