किडा गावचा, आकडा फिलाडेल्फियाचा

गोमंतकाचं नाव लावणारा एक चतुर आहे. इडिओनिक्स गोमंतकेन्सिस. के. ए. सुब्रमणियन, पराग रांगणेकर आणि रोहन नाईक यांनी २०१३ साली ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. या गटातले चतुर पश्चिम घाटातल्या ओहोळांच्या आसपास, दाट सावलीत आणि कलत्या उजेडात उडतात. पावसाळ्याच्या तोंडाशी काही आठवडे ते दिसतात आणि मग दिसेनासे होतात. गोव्यात वर्षाला लाखो पर्यटक येतात; या रहिवाशाची ओळख त्यांतल्या फारच थोड्यांना असेल.

या वर्णनाला सात वर्षं झाली आणि ज्या नियतकालिकात ते छापलं होतं त्याच्यावरच गदा आली. ‘झूटॅक्सा’ २००१ साली झी-चियांग झांग यांनी न्यूझीलंडमधून सुरू केलं. नव्या प्राण्यांच्या वर्णनांचा जगातला मोठा वाटा आज तिथेच छापला जातो. जून २०२० मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीनं त्याला आपल्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या वार्षिक यादीतून वगळलं. ठपका असा होता की या नियतकालिकातले लेख याच नियतकालिकातल्या जुन्या लेखांचे संदर्भ प्रमाणाबाहेर देतात. जगभरचे वर्गीकरणतज्ज्ञ खवळले. नवी जात सांगायची तर जवळच्या जुन्या जातींची वर्णनं उद्धृत करावीच लागतात, आणि ती बहुतेक जिथे छापली गेली तिथलीच निघणार! काही आठवड्यांत कंपनीनं निर्णय फिरवला. पण मधल्या काळात ब्राझीलपासून भारतापर्यंतच्या तरुण संशोधकांना एक गोष्ट लख्ख कळली. आपल्या कामाची किंमत कुठल्या तरी तिसऱ्याच टेबलावर ठरते.

ते टेबल मांडलं फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी. लेखांच्या सूचीऐवजी संदर्भांची सूची करण्याची कल्पना त्यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. १९७५ पासून नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर दरवर्षी जाहीर होऊ लागले. हिशेब साधा आहे. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी किती सायटेशन, म्हणजे संदर्भ, मिळाली, त्याला त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येनं भागायचं. कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ग्रंथपालांना ठरवता यावं, एवढाच त्याचा मूळ उपयोग होता. माणसाला नोकरी द्यावी की नाही, बढती रोखावी की नाही, हे त्यावरून ठरवण्याची युक्ती नंतरच्यांची.

कीटकशास्त्रात ही दोन वर्षांची खिडकी फार तोकडी पडते. गोव्याच्या दक्षिण सीमेपलीकडचं कारवार पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे वनाधिकारी टी. आर. बेल, कलेक्टर डेव्हिडसन आणि मीठ-जकात खात्यातले ई. एच. एटकिन या तिघांनी फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवल्या. हे एटकिन म्हणजे ‘ईहा’ या नावानं खुमासदार लिहिणारे, जन्मानं सातारकर. कोणती अळी कोणत्या झाडावर जगते, कोष कसा बांधते, हे त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तपशिलानं छापलं. बेल यांची पुढची लेखमाला १९०९ ते १९२७ अशी जवळजवळ वीस वर्षं चालली. २०१८ मध्ये आर. नितीन, कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची मोठी यादी ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचं हे कारवारी काम पायाशी होतं. चतुरांचा अभ्यासक आजही एफ. सी. फ्रेझर यांचे १९३३, १९३४ आणि १९३६ चे तीन खंड उघडल्याशिवाय पुढे जात नाही. दोन वर्षांच्या हिशेबात यांतलं काहीच बसत नाही.

याहून विचित्र रीत पुढेच आहे. जातीच्या नावामागे तिचं वर्णन करणाऱ्यांची आडनावं आणि साल लावतात. पण ती आडनावं शंभर लेखांत आली तरी मूळ लेख संदर्भसूचीत नसेल तर ते सायटेशन धरलं जात नाही. नाव वापरायचं सगळ्यांनी, मोबदला कुणालाच नाही.

आता डिचोली तालुक्यातल्या शिरगावात येऊ. लईराई देवीचं हे गाव. वैशाखातल्या जत्रेला व्रतस्थ धोंड होमखंडातून चालतात आणि देवीला मोगरीच्या कळ्या वाहतात. गावाभोवती लोहखनिजाच्या खाणी आहेत. खोल खणलेल्या खड्ड्यांमुळे विहिरी आटल्या, शेतांत खाणीचा गाळ शिरला, आणि त्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. या गावात बसून कुणी विचारलं की जगातलं कीटकसंशोधन हल्ली कुठल्या दिशेनं चाललंय, तर उत्तरं अंगणातच सापडतात.

परसातल्या कढीलिंबावर हिरव्या अळ्या असतात. त्यांतली पुष्कळशी निघतात कॉमन मॉर्मन फुलपाखराची. याच्या माद्या एकसारख्या नसतात. काही नरासारख्या दिसतात, तर काही विषारी कॉमन रोझची हुबेहूब नक्कल करतात. पक्षी फसतो, मादी वाचते. एवढं मोठं सोंग एकट्या ‘डबलसेक्स’ या जनुकाभोवती उभं आहे, हे कुंटे आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. कुंटे मूळचे पुण्याचे, आता बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संस्थेत. आजच्या कीटकशास्त्रातला मोठा पैसा आणि मोठी नियतकालिकं या दिशेला आहेत: जनुकं, नक्कल, उत्क्रांती, मेंदू. त्यात वावगं काही नाही. काम उत्तम आहे.

गोव्यात गावोगाव सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. पेडणे आणि डिचोलीत तिची देवळं पावलोपावली. वारूळ म्हणजे वाळवीचं घर, आणि हे घर सध्या भौतिकशास्त्रज्ञांच्या नजरेत भरलं आहे. हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी ओडोन्टोटर्मिस ओबेसस या आपल्याकडच्या वाळवीच्या बंगळुरूमधल्या वारुळांत हवेचा प्रवाह मोजला आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापला. दिवसा आणि रात्री तापमान वरखाली होतं, त्या जोरावरच वारूळ श्वास घेतं. वेगळा पंखा लागत नाही. दोन वर्षांनी निकिता झकारिया, तेजस मूर्ती, रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी वाळवी ओल्या मातीच्या गोळ्या करून भिंत कशी रचते ते ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये मांडलं. स्थापत्य अभियंते हे लेख वाचतात, त्यामुळे सायटेशनही भरपूर मिळतात.

मात्र शिरगावच्या काजूबागायतदाराला यांतल्या कशाचाच उपयोग नाही. त्याचा शत्रू आहे रोठा. या लांब शिंगांच्या भुंगेऱ्याची मादी काजूच्या बुंध्याशी सालीत अंडी घालते, अळी खोड आणि मुळं पोखरत जाते, बुंध्याशी भुसा आणि डिंक साठतो. तो दिसेपर्यंत कैकदा उशीर झालेला असतो. दुसरा शत्रू ढेकण्या, कोवळी पालवी आणि मोहोर शोषणारा. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मोहोर करपला तर बोंडू कुठून येणार? जुन्या गोव्याची किनारी कृषी संशोधन संस्था, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांनी या किडींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, पुस्तिका आणि पत्रकं काढली आहेत. पुस्तिकेला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो. पटाशीनं अळी कशी उकरून काढावी, सालीवर औषध केव्हा फासावं, हे मात्र तिथेच मिळतं.

कधी कधी गावठी नियतकालिकही बाजी मारतं. २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्ग्याच्या कृषी विद्यापीठातल्या शरणबसप्पा, कल्लेश्वरस्वामी आणि सहकाऱ्यांना मक्यावर एक अनोळखी अळी दिसली. ती निघाली अमेरिकन लष्करी अळी, भारतात पहिल्यांदाच. त्यांनी मोठ्या परदेशी नियतकालिकाच्या रांगेत उभं न राहता ‘पेस्ट मॅनेजमेंट इन हॉर्टिकल्चरल इकोसिस्टिम्स’ या भारतीय नियतकालिकात लेख दिला. त्याच वर्षी अळी महाराष्ट्रात पोचली, मग देशभर पसरली, आणि त्या लेखाला शेकडो सायटेशन मिळाली. रांगेत वर्षभर काढलं असतं तर लेखाचा निम्मा उपयोग बुडाला असता.

याच्या अगदी उलट्या टोकाला आहे जर्मनीतलं क्रेफेल्ड. तिथल्या कीटकप्रेमींच्या मंडळानं, म्हणजे बहुतांश हौशी माणसांनी, ६३ संरक्षित ठिकाणी एकाच पद्धतीचे सापळे लावले आणि १९८९ पासून बाटलीत पडलेल्या किड्यांचं नुसतं वजन केलं. २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन पाऊणपट घटलं होतं. २०१७ मध्ये हा लेख ‘प्लॉस वन’मध्ये आला आणि ‘कीटकांचा अंत’ हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. मग लाट उसळली. २०१९ मधल्या एका गाजलेल्या आढाव्यानं जगातल्या ४० टक्के कीटकजाती नामशेष होऊ शकतात असं म्हटलं. त्यावर टीका झाली की लेखकांनी ‘घट’ हा शब्द घालूनच निबंध शोधले होते, तेव्हा घट सापडणारच. २०२० मध्ये रोएल व्हॅन क्लिंक आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जास्त सावध आकडा दिला. जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्के घटत आहेत, गोड्या पाण्यातले ११ टक्के वाढत आहेत. पण त्यांची बहुतेक आकडेवारी युरोप आणि उत्तर अमेरिकेची होती. उष्ण कटिबंध, म्हणजे जिथे कीटक सर्वाधिक, तिथली नोंद सर्वांत विरळ.

शिरगावसारख्या गावाचं दुखणं नेमकं इथे आहे. गोव्यातल्या खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि पुढे नव्यानं लिलाव झाले. त्यांत शिरगाव-मये हा पट्टाही होता. धूळ बंद, धूळ सुरू, पुन्हा बंद: असा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेला पैसे मोजूनही करता येणार नाही. पण त्याचा निकाल वाचायचा तर आधीची आणि नंतरची, एकाच जागेची, एकाच पद्धतीची मोजणी हवी. असं कंटाळवाणं काम करणाऱ्याला पाच वर्षं छापण्यासारखं काहीच हाती लागत नाही, आणि विद्यापीठात पाच वर्षं रिकामी काढायची सोय नाही. गंमत अशी की गोव्यातल्या फुलपाखरांचं रांगणेकरांचं सचित्र मार्गदर्शक २००७ मध्ये काढलं ते खाणकंपन्यांनी उभारलेल्या मिनरल फाउंडेशननं. पुस्तक चांगलं आहे. श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

छापण्याच्या सक्तीनं दुसरा रोगही आणला: पैसे भरा आणि छापून घ्या. पुण्याच्या भूषण पटवर्धन यांनी सहकाऱ्यांसह यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के निकृष्ट दर्जाची असावीत. त्यानंतर ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता नियतकालिकं पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली सरकारी संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं वाचायला मिळू लागली, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर झाले. म्हणजे वाचण्याचा प्रश्न थोडा सुटला. लिहिण्याचा तसाच आहे.

गावच्या जिवांची यादी नसली की काय होतं ते पेडण्यानं पाहिलं. तिथल्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली, कारण पर्यावरणाची माहिती अपुरी होती. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठली आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. कोर्टात कातळसड्यावरच्या जिवांची बाजू मांडायची तर ‘नेचर’मधला निबंध फारसा कामाचा नसतो, लागते ती अमक्या तारखेला, अमक्या सड्यावर, अमकी जात दिसल्याची छापील नोंद.

अशा नोंदी कोण करतं? सीमेपलीकडे सावंतवाडी तालुक्यातल्या चौकुळ गावाचं नाव २०२२ मध्ये एका चतुराला मिळालं: बर्मागोम्फस चौकुलेन्सिस. शंतनू जोशी, हेमंत ओगले आणि दत्तप्रसाद सावंत यांनी त्याचं वर्णन केलं. यांतले ओगले आंबोलीचे निसर्ग अभ्यासक, कुठल्याही विद्यापीठाच्या पगारपत्रकावर नसलेले. आज कोकण-गोव्यातलं कीटकशास्त्र बऱ्याच अंशी अशा माणसांच्या बुटांवर चालतं. विद्यापीठांनी त्यांच्या कामाला गुण द्यायचे की नाही यावर समित्या बसवण्यापेक्षा त्यांच्याबरोबर विद्यार्थी पाठवावेत.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली प्रत्येक पंचायतीनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. डिचोली-पेडण्यातल्या महाविद्यालयांनी प्राणिशास्त्राच्या प्रत्येक तुकडीला एक ओहोळ, एक काजूबाग आणि एक सडा वाटून द्यावा. दर पावसाळ्याला त्याच जागी, त्याच पद्धतीनं मोजणी करावी. नोंदीत तारीख, जागा, झाड आणि छायाचित्र असावं, नोंदवहीची प्रत पंचायतीत ठेवावी, आणि ओळख न पटलेला नमुना पुण्यात आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे पाठवावा.