हात जोडणे आणि हात टिकणे

दुसऱ्याचा हात जोडण्यातली खरी अडचण शल्यकौशल्याची कधीच नव्हती. १९६४ साली इक्वाडोरमध्ये असा हात बसवला गेला, पण शरीराने तो नाकारला आणि तीन आठवड्यांच्या आत काढावा लागला. पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपण रुळले, तरी हाताचा यशस्वी प्रयत्न व्हायला १९९८ उजाडले. कारण हातात त्वचा, स्नायू, हाड, मज्जा असे सगळेच येते. यातले नेमके काय शरीराला जास्त खुपते, हे १९९१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर पडताळले. त्वचेला तीव्र विरोध झाला. मात्र सबंध पाय जोडला, तेव्हा त्याला सुट्या भागांपेक्षा सौम्य विरोध झाला. मग अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या गटाने डुकराच्या पुढच्या पायाचा भाग टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोन या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांच्या जोरावर काही जनावरांत टिकवून दाखवला. जानेवारी १९९९ मध्ये त्याच शहरात माणसावर हात-प्रत्यारोपण झाले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. थोडे दिवस औषध देऊन जोडलेला भाग कायमचा टिकवणे उंदरात साधते, ते माणसात सहसा साधत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात वाढतो. माणसाच्या प्रतिकारशक्तीला मात्र आयुष्यभराच्या संसर्गांची आठवण असते. म्हणूनच एका प्राण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. नकाराची यंत्रणा उंदरात उलगडते, तर त्वचेचे वर्तन डुकरात पाहावे लागते, कारण त्याची त्वचा आपल्या त्वचेशी बरीच जुळते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हाताविना माणूस जगतो, मग त्यासाठी मुक्या जिवांना यातना का? याचे उत्तर याच आक्षेपात आहे. हात मिळवणारा माणूस एरवी धडधाकट असतो, आणि जन्मभराची औषधे त्याच्या मूत्रपिंडावर ताण आणतात, संसर्ग आणि कर्करोगाचा धोका वाढवतात. न पारखलेला उपचार त्याच्यावर लादणे अन्यायच. यातना कमी करण्याचे मार्गही आहेत. एका पद्धतीत हाड, स्नायू आणि त्वचेचा छोटा तुकडा उंदराच्या जांघेत जोडतात. त्याचे चारही पाय शाबूत राहतात.

कोचीत २०१५ मध्ये आणि मुंबईत २०२० मध्ये असे हात जोडले गेले. हा प्रश्न आता आपलाही आहे. जन्मभराची ही औषधे कमी करण्याची वाट जो प्रयोग दाखवतो, त्याचे समर्थन करता येते. जुनेच निष्कर्ष पुन्हा गिरवण्यासाठी मात्र एकही जनावर वापरू नये.