गिऱ्हाईकाच्या हातात जाड हातमोजे आहेत असं समजा!

"सर, माल चांगलाय, पण गिऱ्हाईक परत येत नाही," असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. आज थोडं लांब जाऊ, थेट अमेरिकेत, ह्यूस्टनला.

नासाच्या 'मायक्रो-जी नेक्स्ट' उपक्रमात कॉलेजची पोरं अंतराळवीरांसाठी अवजारं बनवतात. काम ऐकायला साधं. उदाहरणार्थ, झिप टाय कापायचं अवजार. आपण म्हणू, त्यात काय, पक्कड घ्या आणि कापा! पण ते वापरणाऱ्याचा हात बघा. अंतराळ-पोशाखात हवेचा दाब असतो, त्यामुळे हातमोजा फुगवलेल्या ट्यूबसारखा ताठ होतो. प्रत्येक वेळी मूठ वळायची म्हणजे त्या दाबाशी झटापट, आणि हे तासन् तास. बारीक बटण त्या बोटांना जाणवतच नाही. अवजाराला धारदार कड राहिली तर हातमोजाच फाटायचा. 2007 मध्ये रिक मास्ट्राकिओच्या हातमोज्याला चीर दिसली, तर स्पेसवॉक ठरलेल्या वेळेआधीच थांबवावा लागला.

आणि हातातून सुटलं तर? खाली पडत नाही हो, निघूनच जातं. 2008 मध्ये हायडेमरी स्टेफनिशिन-पायपर यांची अख्खी अवजारांची पिशवी अशीच गेली. म्हणून प्रत्येक अवजाराला दोरी अडकवायला जागा लागतेच.

मग परीक्षा. 40 फूट खोल, सुमारे 2 कोटी 35 लाख लिटर पाण्याचा तलाव. तिथे अवजार वापरतो नासाचा पाणबुडा. पोरं कंट्रोल रूममधून पडद्यावर बघतात. वर्षभराची मेहनत दुसऱ्याच्या हातात! अडकलं तर तोंडाने सांगता येतं, हात लावता येत नाही.

मला इथेच घाम फुटला असता. कारण माझ्या लोणच्याच्या धंद्यात मी दोन महिने लेबलचा रंग ठरवत बसलो होतो. बरणीचं झाकण मात्र इतकं घट्ट, की शेजारच्या काकूंनी शेवटी सांडशीने उघडलं. मी स्वतः रोज उघडायचो ना, मला कधी जाणवलंच नाही! काकूंनी दुसरी बरणी काही घेतली नाही.

तर आज एवढंच करा. तुमचं पाकीट, बरणी, जे काय असेल ते, घरातल्या कुणाच्या तरी ओल्या हातात द्या आणि समोर गप्प बसा. "असं नाही, तसं धर" म्हणायचं नाही. कुठे अडलं ते वहीत लिहा आणि वही घेऊनच शनिवारच्या लाइव्हला बसा.