मूल हवे असणाऱ्यांचा खर्च कोणी सोसावा?

कुटुंबनियोजन हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचला तो लाल त्रिकोणाच्या खुणेने. मूल नको असेल तर शासन काय काय करते, हे सिंदीतल्या कोणत्याही गृहिणीस विचारावे; ती बोटांवर मोजून सांगेल. शस्त्रक्रिया मोफत, गोळ्या मोफत, तांबी मोफत, वर बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम. परंतु मूल हवे आहे आणि होत नाही, अशा जोडप्याने कोणाच्या दारी जावे? या प्रश्नाला आपल्या समाजात आजवर देव, बाबा, गंडेदोरे आणि दुसरे लग्न अशी चार उत्तरे मिळत आली. पाचवे उत्तर विज्ञानाने दिले, पण त्याची किंमत लाखांत आहे. ती किंमत एकट्या जोडप्याने मोजावी की समाजाने, म्हणजेच सार्वजनिक तिजोरीने, तिचा काही भाग उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडे शास्त्र. नियमित सहवास असूनही बारा महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्यास वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी साधारण एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. 'माणसांपैकी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. दोष स्त्रीत असतो तसा पुरुषातही असतो, आणि कित्येकदा दोघांत थोडाथोडा असतो. पुरुषाची पहिली तपासणी काही शे रुपयांत आणि एका दिवसात होते. स्त्रीच्या तपासण्या वेळखाऊ, त्रासाच्या आणि महाग. तरीही आपल्याकडे आधी सुनेला दवाखान्यात नेतात आणि मुलाच्या तपासणीचा विषय निघाला की घरातली वडीलधारी मंडळी गप्प बसतात. तान्हा पोळ्याला लाकडी नंदी घेऊन सारे गाव रस्त्यावर येते, त्या दिवशी काही सुना घराबाहेर पडत नाहीत. त्यामागचे कारण शेजारीपाजारी सर्वांना ठाऊक असते.

गर्भनलिका बंद होण्याचे आपल्या देशातील एक मोठे कारण म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. फुप्फुसाच्या क्षयासारखा खोकला नाही, रक्त नाही. बाईला पत्ताही लागत नाही. दुसरे कारण दुर्लक्षित जंतुसंसर्ग. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ती १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी डॉक्टरांकडून तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. अंगावर काढलेले दुखणे पुढे मूल न होण्यापर्यंत जाऊ शकते. क्षयाचे निदान आणि औषध शासनाकडून आजही विनामूल्य मिळते. म्हणजे वंध्यत्वावरील सरकारी मदतीचा पहिला, आणि सर्वांत स्वस्त, हप्ता आपल्या ग्रामीण रुग्णालयातच ठेवलेला आहे. तो उचलला जात नाही एवढेच.

आता महागड्या उपचाराकडे वळू. टेस्टट्यूब बेबी म्हणजे बाळ काचेच्या नळीत वाढते असा गैरसमज अजून आढळतो. वास्तविक नळीत, म्हणजे प्रयोगशाळेतील बशीत, फक्त स्त्रीबीज व शुक्राणू यांचे मीलन होते. त्यासाठी स्त्रीला साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात, मध्ये वारंवार सोनोग्राफी होते, मग बीजे काढतात, तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी रक्ततपासणीवरून निकाल कळतो. ही झाली एक फेरी. तिशीतल्या स्त्रीला एका फेरीत यश येण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक. चाळिशीनंतर ती झपाट्याने घसरते. म्हणून डॉक्टर 'फेऱ्या' हा शब्द अनेकवचनी वापरतात, आणि खर्चाचा आकडा मात्र बहुधा एकाच फेरीचा सांगितला जातो.

या विद्येचा आपल्या राज्यातील इतिहास बोलका आहे. जगातील पहिले असे बाळ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मास आली. पण शासनयंत्रणेने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांचा छळ झाला आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षा चावडा हिचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंदकुमार यांचे ते यश. आता ध्यानात घ्या, के.ई.एम. हे महानगरपालिकेचे रुग्णालय आणि ती संशोधन संस्था भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची, म्हणजे केंद्र शासनाची. हर्षाची आई सधन घरातली नव्हती. थोडक्यात, ही विद्या महाराष्ट्रात रुजली ती करदात्यांच्या पैशावर आणि सामान्य माणसाच्या दवाखान्यात. नंतर मात्र ती खासगी केंद्रांत गेली आणि सार्वजनिक रुग्णालये मागे राहिली. हा उलटा प्रवास आम्हांस अनाकलनीय वाटतो.

आज खर्च किती? त्याच परळच्या संस्थेने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ साली पुढे आले. त्यानुसार एका फेरीमागे रुग्णाच्या खिशातून सरकारी रुग्णालयात सुमारे १ लाख १० हजार आणि खासगी रुग्णालयात २ लाख ३० हजारांहून अधिक रुपये जातात. सरकारी ठिकाणीही लाखावर, कारण औषधे बाहेरून आणावी लागतात. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यास या रकमेचा अर्थ लगेच कळतो. दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर दरमहा ६,६४० रुपयांच्या आसपास हप्ता बसतो आणि एकूण परतफेड २ लाख ३९ हजारांवर जाते. शेतमजुराला असे कर्ज मिळतच नाही. त्याच्याकडे सोनेतारण किंवा सावकार हे दोनच मार्ग. आणि फेरी फसली तरी हप्ता थांबत नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

विमा कामास येईल काय? आरोग्य विम्याच्या कागदात शेवटी बारीक अक्षरांत वगळलेल्या गोष्टींची यादी असते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ही यादी प्रमाणित केली, तिच्यात सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे. काही कंपन्या जादा हप्ता व प्रतीक्षाकाळ लावून थोडे संरक्षण देऊ लागल्या आहेत, पण ते पगारदारांपुरते. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, परंतु प्रजननासाठीचे कृत्रिम उपचार त्यातून वगळलेले आहेत. वर सांगितलेल्या अभ्यासाने मात्र अशी शिफारस केली की एका फेरीसाठी सुमारे ८१ हजार रुपयांचे पॅकेज या योजनेत घालावे. ही शिफारस आमच्या मते अत्यंत मोलाची आहे, कारण तिने 'मदत करा' एवढेच न म्हणता रक्कम ठरवून दिली.

केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हे तत्त्व आधीच मान्य केले आहे. नोव्हेंबर २०११ च्या आदेशानुसार अपत्य नसलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यास, पत्नीचे वय २१ ते ३९ असल्यास, प्रत्येक फेरीस ६५ हजार किंवा प्रत्यक्ष खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, जास्तीत जास्त तीन फेऱ्यांपर्यंत मिळण्याची तरतूद झाली. आपल्या सभासदांपैकी जे केंद्राच्या नोकरीत आहेत त्यांनी उपचार सुरू करण्यापूर्वी कार्यालयात चौकशी करावी. परवानगी आधी घेतली नाही तर बिल अडकते. मग प्रश्न उरतो तो हा की, बाबूला जे मिळते ते बिगाऱ्याला का नाही?

गोव्याने त्याचे एक उत्तर दिले आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सप्टेंबर २०२३ मध्ये हे उपचार विनामूल्य देणारे केंद्र सुरू झाले आणि त्यासाठी उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीचाही आधार घेण्यात आला. गोवा लहान राज्य आहे हे खरे. परंतु लहान राज्याला जे जमते ते विदर्भातल्या निदान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जमू नये काय? परदेशांत पाहिले तर इस्रायल दोन मुले होईपर्यंत आणि स्त्रीच्या वयाच्या ४५ वर्षांपर्यंत सर्व खर्च उचलतो. जपानने एप्रिल २०२२ पासून हे उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यात घेतले. वयाच्या चाळिशीआत सहा आणि ४० ते ४२ या वयात तीन प्रयत्न. इंग्लंडात मार्गदर्शक तत्त्व तीन फेऱ्यांचे आहे, पण प्रत्यक्षात कोणत्या भागात राहता यावर फेऱ्यांची संख्या ठरते, आणि त्यावर तिथे मोठी ओरड आहे. यावरून एक शहाणपण घेण्यासारखे आहे: वयाची व फेऱ्यांची मर्यादा घातली की खर्च अफाट होत नाही.

लोकसंख्या एवढी असताना मुले होण्यासाठी पैसा द्यायचा, हा आक्षेप विद्यार्थी मित्र हमखास घेतील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर स्त्रीमागे १.७ इतका खाली आलेला आहे, दोनाच्या आत. म्हणजे आक्षेपाचे वय झाले. शिवाय याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. मूल थांबविण्यासाठी सक्तीपर्यंत गेलेल्या राज्याने, मूल मागणाऱ्या मूठभर जोडप्यांना 'हा तुमचा खासगी प्रश्न' असे सांगणे न्यायाचे नाही.

बाबासाहेबांनी या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या होत्या. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकास पाठिंबा देताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनेही सोसला पाहिजे. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्यांच्याच पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. दोन्हींत विरोध नाही. मूल केव्हा आणि किती हे स्त्रीच्या इच्छेवर व प्रकृतीवर असावे, आणि गरिबी आड आली तर सरकारने पुढे यावे, असाच त्यांचा अर्थ आम्ही लावतो.

सरकार येईपर्यंत काय? आपल्या जिल्ह्याला याचा अनुभव आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाभोवतीच्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने ज्वारीवर आधारित आरोग्य विमा चालला. सुगीत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात रुग्णालयाची सवलत घ्यायची. दहा घरांच्या पायलीभर धान्याने एका घराचे दुखणे पेलले जाते, हे वर्धेच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या संस्थेचा निधी एका फेरीचा खर्च पेलणार नाही हे उघड आहे. पण पहिल्या तपासण्या, गाडीभाडे, बुडालेली मजुरी इतके तो निश्चित देऊ शकतो. बहुतेक जोडपी तिथेच अडतात.

सिंदीहून एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला नागपूर. दोन्हीकडे रेल्वे जाते. सेवाग्राम येथे स्त्रीरोग विभाग आहे, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात टेस्टट्यूब बेबी केंद्र आहे. २५ जानेवारी २०२२ पासून अशा सर्व केंद्रांना नोंदणी सक्तीची झाली असून उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. यशाची शक्यता, धोके आणि खर्च आधी समजावून सांगणे हे केंद्राचे कायदेशीर कर्तव्य आहे. तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र पाहावे, खर्चाचा आकडा औषधांसह कागदावर घ्यावा, फेरी फसल्यास पुढच्या फेरीत काय कमी होईल ते विचारावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. आणि जाताना दोघांनी जावे. पहिल्या दिवशी नवऱ्याचीच तपासणी आधी करून घ्यावी.