चार कोटी कागद आणि वाचणारे डोळे

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपल्या पेशवे दफ्तरात, कागद रुमालांत बांधलेले असतात. चौकोनी कापड, मधोमध कागदांचा गठ्ठा, वर चार टोकांची घट्ट गाठ. एका रुमालात साधारण हजारेक कागद. असे रुमाल सुमारे ३९ हजार. म्हणजे कागद जवळजवळ चार कोटी!

हा आकडा कानावरून जातो, पण डोक्यात शिरत नाही. म्हणून थोडा हिशेब मांडू. सराईत वाचकाने पाच मिनिटांत एक कागद उरकला, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, तरी वर्षाला वाचून होतील २८,८०० कागद. सगळं दफ्तर संपवायला लागतील जवळपास १,४०० वर्षं. दुसरा पुलकेशी बदामीला राज्य करत असताना कोणी वाचायला बसला असता, तर आज कुठे शेवटच्या रुमालाची गाठ सोडत असता.

त्यातही पाच मिनिटं फारच कमी. आधी वर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत सुटायचं, अशी या कागदांची मोडी लिपी. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. नुसतं साल पाहा: ‘सबा सितैन मया व अलफ’. सात, साठ, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन ११६७. त्यात ५९९ मिळवले की हाती येतं इ. स. १७६६-६७. एका तारखेसाठी एवढा खटाटोप, मजकूर पुढेच!

रियासतकार गो. स. सरदेसाई १९३० साली या कामाला लागले तेव्हा पासष्टीचे होते. हाताखालच्या मंडळींना घेऊन त्यांनी हजारो रुमाल उलगडले आणि चार-पाच वर्षांत ४५ खंड छापून काढले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा प्रत्येकजण त्या खंडांचा ऋणी आहे. त्यांत कागद आहेत साडेआठ हजारांच्या आसपास. दर साडेचार हजार कागदांतला जेमतेम एक.

हे सगळं इतिहासकारांपुरतंच, असं कोणी म्हणू नये. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधताना न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला सुमारे पावणेदोन कोटी सरकारी नोंदी तपासाव्या लागल्या. सुरुवातीला हाती लागल्या ११,५३०. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतवाच्या जातीच्या दाखल्यासाठी हवा होता, आणि त्यातले कितीतरी कागद मोडीत होते.

कागद पुष्कळ टिकलेत. तुटवडा आहे तो वाचणाऱ्यांचा. मोडीचे वर्ग आजही भरतात, पुराभिलेख संचालनालयही ते घेतं. चिकाटी असेल तर अक्षरओळख काही आठवड्यांत होते. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका, आणि घरातल्या एकाने तरी ते वाचायला शिकावं.