जाहिरातींना उंबरठ्यावरच अटकाव

बालकाच्या आरोग्याचा विचार करताना त्याचे दूध, पाणी आणि लसीकरण यांची चौकशी आपण आवर्जून करतो. त्याच्या डोळ्यांसमोर काय येते, ही चौकशीही आता तितकीच अगत्याची झाली आहे. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील बालकांना पडदा पूर्ण वर्ज्य, तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, असे सांगितले. परंतु त्या तासाभरात कोणत्या जाहिराती समोर येतात, याचा विचार क्वचितच होतो.

संगणकाला नाव कळत नाही, आकडे कळतात. आपण संकेतस्थळाचे नाव लिहिले की त्याचा आकडी पत्ता शोधून देते ती डीएनएस व्यवस्था. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. एखादे पान उघडताना जाहिराती पुरवणाऱ्या आणि पाळत ठेवणाऱ्या ठिकाणांचेही पत्ते मागितले जातात. तो पत्ता दिलाच नाही, तर जाहिरात घरात पोहोचत नाही. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की प्रत्येक घागर निराळी शुद्ध करावी लागत नाही, तसेच हे आहे.

काकतीच्या आमच्या घरी प्रथम सोपा मार्ग अवलंबिला. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात अ‍ॅडगार्डचा ९४.१४०.१४.१५ हा पत्ता भरला. जाहिरातींबरोबर प्रौढांसाठीची संकेतस्थळेही तो अडवतो. पुढे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ‘पाय-होल’ ही विनामूल्य प्रणाली बसवली. त्या संगणकाला कायमचा पत्ता देऊन राउटरमध्ये तोच नोंदवला. कोणत्या उपकरणाने काय मागितले, याची नोंद येथे दिसते. कोणी पाहत नसतानाही आमचा टीव्ही पत्ते मागत होता, हे त्यातूनच उमगले.

या उपायाला मर्यादा आहेत. यूट्यूबच्या जाहिराती चित्रफितींच्याच ठिकाणांहून येत असल्याने त्या थांबत नाहीत. मोबाईल स्वतःच्या डेटावर गेला, किंवा ब्राउझरने आपला निराळा डीएनएस वापरला, की चाळणी निरुपयोगी ठरते. कधी उपयुक्त पानही अडते. मग ते नाव परवानगीच्या यादीत घालावे लागते.

शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी केली. २००३ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहारालाही लागू झाली. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. तोवर घराचा उंबरठा आपल्या हाती आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत प्रतीक्षाकक्षासाठी वायफाय असते. तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसलेली माता तेथेच मोबाईल पाहते. व्यवसायबंधू-भगिनींनी हा बदल प्रथम तेथे करावा, अशी नम्र विनंती. त्याला दहा मिनिटे पुरतात.